पोट न चिरता जठराचा कर्करोग काढता येतो. पण तो लवकर सापडला पाहिजे

आपल्या वस्त्यांमध्ये पोटाच्या प्रत्येक दुखण्याला तीनच नावे आहेत: गॅस, पित्त आणि अ‍ॅसिडिटी. कळव्याचा डोंगरउतार असो, कल्याण पूर्वेतली चाळ असो की डोंबिवलीतली बैठी खोली, छातीत जळजळले की माणूस मेडिकलमध्ये जातो, गोळ्यांची एक पट्टी घेतो आणि सकाळची लोकल पकडतो. गोळीने आराम पडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा त्रास होतो, पुन्हा पट्टी येते. असे वर्ष, दोन वर्षे चालते. मग वजन उतरू लागते, जेवण जाईनासे होते, उलट्या सुरू होतात. तेव्हा कोणीतरी म्हणते, "एकदा दुर्बिणीतून बघून घ्या."

बहुतेकांची अ‍ॅसिडिटी ही अ‍ॅसिडिटीच असते. उगाच घाबरवण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. पण जठराचा कर्करोग सुरुवातीला याच वेशात येतो, किंवा काहीच त्रास न देता बसून राहतो. तो त्या सुरुवातीच्या अवस्थेत सापडला, तर आज पोटावर एकही टाका न घालता, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने तो काढता येतो आणि जठर जागेवर राहते. आपल्याकडे ही माहिती पोहोचलेली नाही. ज्यांना ती कळते त्यांच्यापर्यंत बहुधा ती वेळ निघून गेल्यावर येते.

भिंत, गिलावा आणि वीट

जठराची भिंत अनेक थरांची असते. चाळीतल्या भिंतीचे उदाहरण घेऊ. वर रंग, त्याखाली गिलावा, त्यामागे वीट. जठराचे सर्वांत आतले अस्तर म्हणजे रंगाचा थर. त्याखालचा मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला थर म्हणजे गिलावा. त्यामागचा जाड स्नायू म्हणजे वीट.

जठराचा कर्करोग सहसा अस्तरात सुरू होतो. तो अस्तरात किंवा त्याखालच्या मऊ थरात असेपर्यंत त्याला 'सुरुवातीचा' कर्करोग म्हणतात. ही व्याख्या जपानच्या एंडोस्कोपी तज्ज्ञांनी 1962 साली केली आणि आज ती जगभर वापरली जाते. या अवस्थेत उपचार झालेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही जिवंत असल्याचे जपानचा अनुभव सांगतो. स्नायू ओलांडून रोग बाहेर गेला, यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरला, की हे चित्र पूर्ण उलटे होते.

सगळा फरक लसिका ग्रंथींमुळे पडतो. कर्करोगाच्या पेशी या ग्रंथींच्या वाटेने पसरतात. रोग फक्त अस्तरात असेल तर ग्रंथींपर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. मऊ थरात शिरला की ती शंभरात सुमारे वीसपर्यंत जाते. दुर्बिणीतून भिंतीवरचा डाग खरवडून काढता येतो, पण बाहेरच्या ग्रंथी काढता येत नाहीत. म्हणून ज्या रुग्णाच्या ग्रंथी स्वच्छ असण्याची जवळजवळ खात्री असते, त्यालाच हा उपचार दिला जातो.

हे तंत्र आले कुठून?

जपानमध्ये जठराचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर होता. त्यामुळे त्या देशाने पोटाच्या आत बघण्याच्या साधनांवर अक्षरशः पिढ्या खर्च केल्या. 1950 साली तिथे पोटात उतरवता येईल असा छोटा कॅमेरा तयार झाला. 1980च्या दशकात अस्तराखाली पाणी भरून डाग फुगवायचा आणि तारेच्या फासाने कापून काढायचा, ही पद्धत आली. ती लहान डागांना पुरेशी होती. मोठा डाग मात्र तुकड्या-तुकड्यांत निघायचा आणि कडेला काही शिल्लक राहिले की रोग परतायचा.

1990च्या दशकाच्या अखेरीस तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी एक खास सुरी वापरात आणली. ती विजेवर चालते आणि तिच्या टोकाला चिनी मातीचा बारीक मणी असतो, त्यामुळे टोक जठराच्या भिंतीत खोल घुसत नाही. या सुरीमुळे पूर्ण डाग एका तुकड्यात सोलून काढणे शक्य झाले. या पद्धतीला 'एंडोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन' म्हणतात, थोडक्यात ईएसडी. 2006 साली जपानने ती आपल्या सार्वजनिक आरोग्य विम्यात घेतली, म्हणजे सामान्य कामगारालाही ती मिळू लागली. तंत्र शोधणे आणि ते सर्वांच्या हाती देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि तिथे दोन्ही झाली.

प्रत्यक्षात काय करतात?

रुग्णाला भूल किंवा गुंगीचे औषध देतात. तोंडातून दुर्बीण जठरात जाते. विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकून आणि प्रतिमा मोठी करून डागाची हद्द नेमकी पाहिली जाते. डागाच्या बाहेर, निरोगी अस्तरावर, बारीक ठिपके मारून कुंपण आखतात. मग अस्तराखाली निळसर रंग मिसळलेले द्रव टोचतात. त्यामुळे अस्तर फुगून स्नायूपासून वेगळे होते आणि सुरीला काम करायला जागा मिळते. ठिपक्यांच्या बाहेरून गोल छेद घेतात आणि मऊ थरातून हळूहळू डाग सोलत नेतात. वाटेत लागणाऱ्या रक्तवाहिन्या तिथल्या तिथे जाळून बंद करतात. डागाचा आकार आणि जागा यांनुसार याला एक तास लागतो, कधी तीन-चार तासही लागतात.

निघालेला तुकडा ताणून, टाचण्या लावून पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो तुकड्याचे पातळ काप करून तीन गोष्टी पाहतो. कडा स्वच्छ आहेत का? रोग किती खोल गेला आहे? रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरला आहे का? मऊ थरात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला रोग धोक्याचा मानतात. उत्तरे चांगली असतील तर उपचार तिथेच पूर्ण होतो. नसतील तर पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. हा शेवटचा मुद्दा रुग्णाच्या घरच्यांना आधीच माहीत असावा, नाहीतर "डॉक्टरांनी फसवले" अशी भावना होते.

धोके आहेतच. शंभरात काही मोजक्या रुग्णांना नंतर रक्तस्राव होतो, काहींच्या जठराला बारीक छिद्र पडते. बहुतेक वेळा दोन्ही दुर्बिणीतूनच सांभाळता येतात. जठरात राहिलेली जखम गोळ्यांच्या मदतीने साधारण दोन महिन्यांत भरते. रुग्ण काही दिवसांत घरी जातो आणि हळूहळू नेहमीचे जेवण जेवू लागतो.

याची तुलना पूर्ण जठर काढण्याच्या शस्त्रक्रियेशी करून पाहा. तिच्यानंतर थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खावे लागते. जेवल्यावर घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. बी-12ची इंजेक्शने आयुष्यभर घ्यावी लागतात. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराला, सफाई कामगाराला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला असे जगणे किती अवघड आहे, हे आम्ही सांगायला नको. रोग पुढे गेलेला असेल तर ती शस्त्रक्रियाच जीव वाचवते आणि ती टाळू नये. पण जठर वाचवता आले असते आणि केवळ उशीर झाला म्हणून गेले, याचे दुःख मोठे आहे.

एक दुर्मिळ प्रकार आणि त्याचा धडा

कर्करोग हे एका आजाराचे नाव नाही. जठराच्या कर्करोगाचेही अनेक प्रकार आहेत. त्यातला एक प्रकार 2010 साली जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडला: 'फंडिक ग्रंथी प्रकारचा' कर्करोग. जठराच्या वरच्या भागातल्या, पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींपासून तो होतो. जपानमध्येही सुरुवातीच्या अवस्थेत सापडणाऱ्या जठर-कर्करोगांपैकी शंभरात जेमतेम एक-दोन या प्रकारचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019च्या वर्गीकरणात त्याला जागा दिली.

त्याची वागणूक निराळी आहे. जठराचा नेहमीचा कर्करोग बहुधा वर्षानुवर्षे सुजलेल्या, झिजलेल्या अस्तरात होतो. हा मात्र बऱ्याचदा दिसायला निरोगी असलेल्या जठरात होतो. तो लहान असतो, अनेकदा एक सेंटिमीटरहूनही कमी. तो अस्तराच्या खालच्या भागात वाढतो, त्यामुळे वरून पाहिले तर फिकट पिवळसर, किंचित उंचवटा आणि त्यावर नेहमीसारखे अस्तर एवढेच दिसते. घाईत केलेल्या एंडोस्कोपीत तो सहज सुटतो. वरवरचा तुकडा घेतला तर बायोप्सीतही सुटू शकतो. पॅथॉलॉजिस्टलाही तो ओळखणे कठीण जाते, कारण त्याच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात.

दिलासा असा की तो हळू वाढतो. मऊ थरात थोडा शिरला तरी ग्रंथींपर्यंत क्वचितच जातो. त्यामुळे दुर्बिणीतून काढणे हाच त्याच्यावरचा मुख्य उपचार ठरला आहे.

जठराच्या वरच्या भागात दिसणारे छोटे निरुपद्रवी कोंब, म्हणजे पॉलिप, अगदी सर्रास आढळतात. रिपोर्टमध्ये 'फंडिक ग्लँड पॉलिप' असे लिहिले म्हणून कर्करोग झाला असे समजू नका. नावे सारखी असली तरी गोष्टी वेगळ्या आहेत.

हा प्रकार आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येईल. तरी त्याच्याबद्दल लिहिले, कारण तो दोन गोष्टी शिकवतो. 'कर्करोग' हा शब्द ऐकून लगेच हात-पाय गाळू नयेत. कोणता प्रकार, किती खोल, कुठे, हे आधी विचारावे. आणि मोठ्या निर्णयापूर्वी बायोप्सीच्या काचा दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.

जिवाणू, पाणी आणि आपण

जठराच्या कर्करोगाचे जगातले सर्वांत मोठे कारण एक जिवाणू आहे: हेलिकोबॅक्टर पायलोरी. आम्लाने भरलेल्या जठरात कोणी जिवाणू जगूच शकत नाही, असे वैद्यकशास्त्र मानत होते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते खोडून काढले. मार्शल यांनी 1984 साली स्वतः तो जिवाणू पिऊन पोटाला सूज आणून दाखवली. 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवले आणि 2005 साली या दोघांना नोबेल मिळाले. मोठ्यांनी सांगितले, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालामांना दिलेली शिकवण आपल्याला परकी नाही.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. दाटीची घरे, अपुरे शौचालय, अस्वच्छ पाणी असेल तिथे तो जास्त पसरतो. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत तो आढळतो. त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, म्हणून घाबरून सगळ्यांनी औषध घेण्याची गरज नाही. पण अल्सर असेल, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालेला असेल, किंवा ईएसडी झाली असेल, तर तपासून तो नष्ट करावा लागतो. अँटिबायोटिकचा हा कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो माणूसपणाचा हक्क होता. आज वस्तीत स्वच्छ पाण्याचा नळ आणि वापरण्याजोगे शौचालय मागताना आपण त्याच हक्काची पुढची मागणी करत असतो. तिचा संबंध थेट आपल्या मुलांच्या पोटाशी आहे.

बाकीची कारणे आपल्या हातात आहेत. विडी-सिगारेट जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवते. अति दारूही वाढवते. मिठात मुरवलेले, खारवलेले पदार्थ रोज खाणे वाईट. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्याने त्यातला मोठा भाग आधीच टाळलेला असतो.

कोणी थांबू नये?

भारतात जठराचा कर्करोग मिझोरामसारख्या ईशान्येकडील राज्यांत आणि दक्षिणेतल्या काही शहरांत अधिक आहे, महाराष्ट्रात तुलनेने कमी. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकार करते. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कर्करोग आहेत. त्यामुळे आपल्याकडे लक्षण ओळखणे हाच मार्ग उरतो. खालीलपैकी काहीही असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नका:

- प्रयत्न न करता वजन उतरणे
- थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे, वारंवार उलट्या होणे
- गिळताना अडकणे
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे लक्षात ठेवा)
- कारण न सापडलेला रक्तक्षय
- आई-वडील किंवा भावंडांत जठराचा कर्करोग
- चाळिशी-पंचेचाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेली अपचनाची तक्रार
- महिनाभर गोळ्या घेऊनही परत येणारा त्रास

अ‍ॅसिडिटीच्या गोळीने कर्करोगाची जखमही काही काळ वरवर भरून येऊ शकते. म्हणून "गोळीने बरे वाटते" हा पुरावा नाही.

घरातल्या बायकांकडे विशेष लक्ष द्या. त्या शेवटी जेवतात, त्यांचे रक्त कमी असणे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. पाळी थांबलेल्या स्त्रीचे किंवा कोणत्याही पुरुषाचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय उतरले, तर रक्त पोटातून जात आहे का, हे पाहिलेच पाहिजे. फक्त टॉनिक देऊन भागत नाही.

ठाणे-कल्याणहून पुढचा रस्ता

पहिली पायरी जवळच आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, यांपैकी सोयीच्या ओपीडीत केसपेपर काढा. लक्षणे किती दिवसांची आहेत आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. रक्ताची तपासणी करून घ्या आणि एंडोस्कोपीसाठी विचारा. तिथे होत नसेल तर वरच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा.

एंडोस्कोपीला सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिर करणारा फवारा मारतात. साधी तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. त्रास होतो, पण सहन होण्यासारखा. अनेकजण केवळ भीतीने ती टाळतात. शेजारी कोणी हात धरून बसले तर ती भीती निम्मी होते.

बायोप्सीत कर्करोग निघाला तर परळचे टाटा मेमोरियल आणि केईएम ही सार्वजनिक रुग्णालये मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. जाताना सगळे रिपोर्ट, एंडोस्कोपीचे फोटो किंवा सीडी, आणि बायोप्सीच्या काचा व मेणाचे ब्लॉक मूळ ठिकाणाहून मागून न्या. ते नसले की तपासणी पुन्हा करावी लागते आणि दिवस जातात. ईएसडी करणारे अनुभवी डॉक्टर मोजक्या केंद्रांतच आहेत. म्हणून स्पष्ट विचारा: "हा डाग दुर्बिणीतून निघेल का? इथे होते का? नसेल तर कुठे होते?"

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक उपचार यादीत असतोच असे नाही. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून ही प्रक्रिया बसते का, ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच तयार ठेवा. गावाहून आलेल्या नातेवाइकांना राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करता येते. बाबासाहेबांना जिवाभावाचे मानणाऱ्या गाडगेबाबांचे नाव तिथे आजही कर्करुग्णांच्या कामी येते.

विहाराचे काम

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असा त्याचा आशय आहे.

आम्ही शिबिरांत रक्तदाब आणि साखर मोजतो. यंदा 6 डिसेंबरच्या आणि 14 एप्रिलच्या शिबिरांत एक प्रश्न वाढवू या: "पोटाची गोळी किती महिन्यांपासून चालू आहे?" सगळ्यांची एंडोस्कोपी करण्याची गरज नाही. ज्यांच्यात वरची लक्षणे आहेत त्यांची नावे लिहून घेऊ, त्यांच्यासोबत ओपीडीत जाऊ, रांगेत उभे राहू, फाइल सांभाळू. प्रत्येक विहारात असे दोन तरुण आणि दोन तरुणी पुरेशा आहेत. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. वेळ देता यावा लागतो आणि कागद नीट वाचता यावा लागतो. बाबासाहेबांमुळे आपण तो वाचू शकतो.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर हा विषय आपापल्या विहारात मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!